राजा काही मरेना

गेल्या मे महिन्यात आपल्या पेडण्याच्या बागेत तुमच्या आजोबांना तीन वेळा ठार मारण्यात आलं, आणि तिन्ही वेळा ते मेले नाहीत.

याची सुरुवात तुमच्यापासून झाली, हे आधीच सांगून ठेवते. रेवा, तू मला तुमच्या तिकडच्या पार्कातले फोटो पाठवले होतेस. उन्हाळ्यातली संध्याकाळ, लोक हिरवळीवर चटया टाकून बसलेले आणि समोर नाटक चाललेलं. ओजसने खाली लिहिलं होतं की रोज वेगळा कार्यक्रम असतो, आणि तो ठरल्या वेळी सुरू होऊन ठरल्या वेळी संपतो. हे शेवटचं वाक्य मी आजोबांना दोनदा वाचून दाखवलं. मग मनात आलं, आपल्याकडेही बाग आहे, मे महिन्याची सुट्टी आहे, कलाकार तर घरटी एक आहे. नाही ती फक्त शिस्त. आणि शिस्त माझ्याकडे पोत्याने पडून आहे.

गावातल्या चार जणांची समिती झाली. मी वेळनियंत्रक झाले (हे पद मीच सुचवलं आणि त्याला दुसरा उमेदवार नव्हता). शाळेतून निवृत्त होताना मला पितळी घंटा भेट मिळाली होती, ती चिंच लावून घासली. पहिल्या आठवड्याचा कार्यक्रम ठरला. उद्घाटनाला दशावतार, नंतर भजन, घुमट या मातीच्या वाद्यावरची आरती आणि शनिवारी मुलांचा नाच. नाचाच्या तालमी एप्रिलपासून चालू होत्या आणि मुलींच्या आयांनी घागरेसुद्धा शिवून आणले होते.

उद्घाटनाच्या संध्याकाळी हवालदार आला. तो माझाच विद्यार्थी. टोपी काढून म्हणाला, "बाई, दहा म्हणजे दहा. वर एक मिनिट गेलां तर मी माईक बंद करतलंय, आणि उद्यापासून परवानगी नाय. वरून तशी ऑर्डर आसा."

"मला वेळ शिकवतोस?" मी म्हटलं.

"नाय बाई. तुमीच शिकयली."

तेव्हा उरलेल्या आठवड्याचं सगळं, घागऱ्यांसकट, त्या दहाच्या ठोक्याला बांधलेलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण त्या रात्री माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाच्याही ते लक्षात नव्हतं.

पहिला घोटाळा प्रमुख पाहुण्यांनी केला. त्यांना पाच मिनिटं दिली होती. ते स्वतःच्या बालपणापासून सुरू झाले आणि बराच वेळ बालपणातच राहिले. शेवटी मी घंटा वाजवली. पाहुण्यांना वाटलं आरती सुरू झाली. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. त्यांना पाहून पहिल्या रांगेने हात जोडले, मग सगळी बाग उभी राहिली. कोणीतरी टाळ्यांचा ठेकाही धरला. ही सगळी भक्ती खाली बसवून पाहुण्यांना माईकपासून दूर नेईपर्यंत दशावताराचा अर्धा वेळ गेला होता.

मी मंचाच्या मागे गेले, तर तिथे दुसरा घोटाळा माझी वाट पाहत होता. दशावताराचे मालक तातू हे नदीपलीकडून सिंधुदुर्गातून मंडळी घेऊन आले होते. अर्धा चेहरा रंगवून पेटाऱ्यावर बसले होते.

"बाई, राजा नाय," ते म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"राजाचां काम करता तो झील तुये गावच्या कारखान्यात कामाक आसा. आज तेची पाळी बदलली. राजा मशीनवर उभो आसा."

"मग राजाशिवाय करा."

"राजा मरल्याशिवाय राणी रडूची नाय. राणी रडल्याशिवाय देव येवचो नाय. आणि देव येय्सर नाटक संपूचां नाय. तुमीच काय तां सांगा."

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला, "मी आसंय मगे."

ते तुमचे आजोबा होते. त्यांची नाटकाची हौस तुम्हाला माहीत आहे, पण त्यांचा इतिहास माहीत नाही. तरुणपणी देवळातल्या नाटकात त्यांना एक वाक्य मिळालं होतं. दूताने धावत यायचं आणि 'महाराज, शत्रूने किल्ल्याला वेढा दिला आहे' एवढंच सांगायचं. आजोबा धावत आले, मुजरा केला, महाराजांकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि काही न बोलता धावत परत गेले. महाराजांना शत्रू आल्याचं शेवटपर्यंत कळलं नाही. पुढच्या अंकात ते पकडले गेले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य खरं होतं म्हणतात. त्या दिवसापासून आजोबांकडे पडदा ओढण्याचं काम आलं. चाळीस वर्षं ते इतरांसाठी पडदा उघडत आणि पाडत आले. पडद्याच्या पुढे पुन्हा कोणी त्यांना येऊ दिलं नाही.

"अहो, तुमच्या एक वाक्य लक्षात राहत नाही," मी म्हटलं.

"बाई, हंय वाक्यांच नसतंत," तातू म्हणाले. "ह्यो दशावतार. गोष्ट मी सांगतंय, बोलूचां जेका जां सुचात तां."

हे ऐकल्यावर आजोबांचा चेहरा असा उजळला की मी हो म्हटलं. आमच्या लग्नातसुद्धा ते इतके आनंदी दिसत नव्हते (फोटो आहेत, पडताळून पाहा).

मी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं. बसायचं, रागवायचं, लढायचं, मरायचं. त्यांनी शहाण्या मुलासारखं म्हणून दाखवलं. तोवर तातूंनी त्यांना मुकुट चढवला, गळ्यात माळा घातल्या आणि भुवया रंगवल्या. मी घंटा घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसले.

पेटी वाजली, मृदंग वाजला आणि महाराज आले. दशावतारात सिंहासन म्हणजे एक लाकडी बाकडं. त्यावर ते असे बसले, जणू बाकडं त्यांच्या वाडवडिलांकडून चालत आलं होतं.

"प्रधानजी," महाराज म्हणाले, "आमच्या राज्यात सर्व काही वेळेवर होतं ना?"

"होय महाराज."

"चहा वेळेवर. जेवण वेळेवर. झोप न आली तरी निजणं वेळेवर. हे राज्य कोण चालवतं?"

"आपण, महाराज."

"प्रधानजी, प्रजेसमोर खोटं बोलू नका."

सगळी प्रजा वळून माझ्याकडे पाहू लागली. मी घंटेवरची न पडलेली धूळ पुसली.

इतक्यात महाराणी आली. महाराणीचं काम करणारा तरुण हरमलला पर्यटकांना स्कूटर भाड्याने देतो, त्यामुळे कोणाशीही घासाघीस करण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. महाराजांनी तिच्याकडे खारातल्या मिरच्या मागितल्या. ती म्हणाली, "नाथ, राजवैद्यांनी मीठ बंद केलंय." महाराज म्हणाले, "मग आमच्या खजिन्यात काय नुसती अळणी पेज आहे?" पेज आणि मीठ यांवर दोघं जे सुटले, ते पेटीवाल्याने कंटाळून मध्येच सूर धरला तेव्हा थांबले. बाग हसून लोळत होती. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "महाराज, आमच्या घराकडेय तीच गजाल!"

वेळ जात होता. हवालदार येऊन माईकच्या बटणाशेजारी उभा राहिला.

एकदाचा दैत्य आला. दैत्य म्हणजे स्वतः तातू. झांजांच्या गजरात युद्ध झालं, लाकडी तलवारी खटखटल्या आणि दैत्याचा घाव महाराजांच्या खांद्यावर बसला. महाराज कोसळले. लोक हळहळले. मी सुटकेचा श्वास घेतला. पण ती हळहळ महाराजांच्या कानावर गेली असावी. ते कोपरावर उठून म्हणाले, "घाव वरवरचा आहे."

टाळ्यांनी बाग दणाणली. दैत्याने पुन्हा तलवार उचलली. दुसऱ्या घावाला महाराज नुसते वाकले. "आम्हाला वर आहे. आम्ही तलवारीने मरणार नाही."

समोरच्याचं बोलणं पुढे न्यायचं, या खेळाच्या नियमाने दैत्याला विचारावंच लागलं, "कोणी दिला तो वर?"

"शंकराने."

"कधी?"

"आज सकाळी. बिनसाखरेच्या चहानंतर दया येऊन."

तिसऱ्यांदा तातूंनी गदा आणली. या वेळी महाराज खरोखर मेले. डोळे मिटले, मुकुट घरंगळला, महाराणीने हंबरडा फोडला. दोनच ओळी झाल्या असतील, तोच मृत महाराज एक डोळा उघडून म्हणाले, "प्रिये, रडतेस काय, तूप आण."

मी घंटा वाजवली. महाराज ताडकन उठले. "ऐका! शत्रूची घंटा! सेना सज्ज करा!" मी पुन्हा वाजवली. "दुसरी सेनाही आली!" मी काहीही केलं तरी ते नाटकात जात होतं. मी घंटा पदराखाली घेतली आणि मागे गेले.

तिथे तातू घामाघूम होऊन पाणी पीत होते. "बाई, ह्येका मारूक माझ्यान जमना नाय. चाळीस वर्सां दैत्य करतंय. असो राजा बगूक नाय."

"मग काय करायचं?"

"घराकडे तो कोणाचां ऐकता?"

तातूंनी पेटाऱ्यातून जरीचा शेला काढून माझ्या खांद्यावर टाकला. "तुमी राजमाता."

"मी? अहो, मी कधी मंचावर काम केलेलं नाही."

"वर्गात इतकी वर्सां काय केलात मगे?"

यावर उत्तर सुचेपर्यंत मी मंचावर पोचले होते. नाकावर चष्मा, खांद्यावर शेला, हातात घंटा. महाराज मला पाहताच उभे राहिले. (ते नाटकात नव्हतं. ती सवय.)

"महाराज," मी म्हटलं, "दहा वाजत आले आहेत. शनिवारी मुलांचा नाच आहे, घागरे शिवून झाले आहेत. आता मरा."

हशा थांबेना. त्या गोंगाटात आजोबा माझ्या जवळ आले आणि माईकला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "मरतंय गो. पण जरा बरो मरूक दी. परत कोण बोलावतलो?"

चाळीस वर्षांचा पडदा माझ्या डोळ्यांपुढे आला. "मरा," मी हळूच म्हटलं, "पण सावकाश."

आणि ते काय मेले! आधी तलवार बाकड्यावर ठेवली. मग मुकुट काढून महाराणीच्या हातात दिला. प्रजेला हात जोडले, मला हात जोडले आणि जुनं झाड पडावं तसे आडवे झाले. बाग गप्प झाली. एक म्हातारी डोळे पुसताना मी पाहिली. हवालदारानेही टोपी काढली. दहाला अजून सात मिनिटं होती. राणीने रडायचं, देवाने यायचं, एवढंच उरलं होतं. माझं काम झालं होतं. मी निघायचं होतं.

पण राजमाता उभी असताना आधी कसं रडायचं, म्हणून महाराणी अदबीने थांबली. सगळी बाग माझ्याकडे पाहत होती. एखादं वाक्य बोलायला हवं, असं मला वाटलं.

"प्रजाजनहो," मी सुरुवात केली. महाराजांच्या गुणांबद्दल दोन शब्द बोलले. मग साहजिकच शिस्तीकडे वळले. बागेत टाकलेल्या चहाच्या कपांचा उल्लेख केला, तर टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या, माझ्यासाठी! वर्गात इतकी वर्षं बोलले, पण टाळ्या कधी कोणी वाजवल्या नव्हत्या. मी खुर्च्या उचलण्याकडे गेले, तिथून आडव्या लावलेल्या मोटरसायकलींकडे, तिथून आजकालच्या मुलांच्या अक्षराकडे.

पायाजवळून महाराज कुजबुजले, "अगो, पुरे कर. धा वाजले."

"मृतांनी बोलू नये," मी माईकमध्ये म्हटलं. प्रचंड टाळ्या.

त्यानंतर माईक बंद झाला. ते मला बऱ्याच वेळाने कळलं, कारण शाळेतल्या आवाजाला माईक लागत नाही. महाराणी रडली नाही, देव आला नाही. तो मागे पेटाऱ्यावर मोरपीस लावून बसला होता, तो तसाच घरी गेला.

हवालदार मान खाली घालून माझ्यापुढे आला. "बाई, राजा वेळेत मेलो. तेचो गुन्हो नाय."

"मग परवानगी?"

"शनवाराक पोरग्यांचो नाच आसा, माझां चेडूय आसा तेच्यात. मी सायबांका समजावतंय. पण एक अट." तो जमिनीकडे बघत म्हणाला, "घंटा दुसऱ्या कोणाकडे दिया."

ती आजोबांकडे गेली. उरलेला आठवडा त्यांनी सगळे कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू केले आणि ठरल्या वेळी संपवले. शनिवारी मुली घागरे फिरवून नाचल्या आणि दहाच्या आत घरी पोचल्या. समितीने आजोबांचं पद कायम केलं. घंटा आता आमच्या जेवणाच्या टेबलावर, त्यांच्या हाताशी असते.

गेल्या रविवारी मी तुमच्याशी फोनवर बोलत असताना मध्येच घंटा वाजली आणि तुम्ही विचारलंत, "आजी, देवळात आरती सुरू झाली का?" मी हो म्हटलं. आपल्या घरापासून देऊळ ऐकू येण्याइतकं जवळ नाही, हे तुमच्या लक्षात आलं नसावं.