गाळलेलं गंगाजल

अमेरिकेत, पिस्कॅटवेतल्या आमच्या शेजाऱ्यांनी कॅम्पिंगसाठी पाण्याचा फिल्टर निवडण्यात अख्खा उन्हाळा घालवला. आयोडीनच्या गोळ्यांना वास येतो, नुसत्या कोळशातून जंतू निसटतात, असं एकेक बाद करत शेवटी त्यांनी सिरॅमिकचा हातपंप घेतला. मग प्रत्येक पिकनिकला ओढ्याकाठी बसून पंप मारायचा, ग्लास उजेडात धरून बघायचा आणि आमच्यापुढे करायचा. "प्या हो, एकदम प्युअर! इमर्जन्सी काय सांगून येते?" एक ग्लास भरेपर्यंत आमच्या सगळ्यांचं जेवण उरकायचं. घाई केलेली त्यांना खपत नसे.

त्यांच्या आईंनी देशातून येताना गंगेचा सीलबंद गडू आणला होता. कशासाठी, ते सांगायला नको.

आईंना शेवटची घरघर लागली त्या दुपारी मी तिथेच होतो. वहिनींनी गडूचं सील फोडलं आणि चमचा पुढे केला, तोच यांनी गडू काढून घेतला.

"थांब. रॉ पाणी आहे ते. किती वर्षं साठलेलं, काय माहीत!"

"अहो, आता कसले जंतू?" वहिनी रडत म्हणाल्या.

ते किचनमध्ये गेलेसुद्धा. तिकडून पंपाचा करकर आवाज येत राहिला. आईंनी पाण्यासाठी दोनदा ओठ उघडले. वहिनींनी हाका मारल्या, मीही मारल्या.

"झालंच, झालंच!"

ते धावत आले तेव्हा आईंचा श्वास थांबला होता. दारातच थबकून त्यांनी सवयीने ग्लास खिडकीच्या उजेडात धरला.

पाणी अगदी स्वच्छ होतं.