थर्लोला ज्युरीचं बोलावणं

ज्युरीचं बोलावणं आलं की अमेरिकेच्या मेन राज्यातल्या त्या बंदरावर भल्याभल्यांची कंबर धरायची. थर्लो बीलला आलं, तर तो धक्क्यावर नाचलाच! तरुणपणी शेवंडं पकडायच्या पिंजऱ्यांवरून भांडून यानं शेजाऱ्याची होडी पेटवली होती, त्यापायी तुरुंगवासही भोगला होता.

“चुकून आलं असेल रे,” बायको विनी म्हणाली. “तुझ्यासारख्या कैद्याला न्याय करायला कोण बसवतंय?”

“आपल्या राज्यात चालतं. शिक्षा भोगली, विषय संपला. इस्त्री कुठंय?”

कोर्टात न्यायाधीशबाईंनी विचारलं, “कुणाला सुट्टी हवीय?” भराभर हात वर झाले. कुणाची पाठ, कुणाची आजारी सासू. थर्लोचा हात मांडीवरच.

मग ज्युरी निवडताना आरोपीच्या वकिलानं थर्लोला विचारलं, “कोर्टाचा काही अनुभव?”

“आहे की! त्या तिथं बसलो होतो,” थर्लोनं आरोपीच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. सगळे हसले, खुर्चीतला पोरगाही हसला.

“मग आज इथं बसायची एवढी हौस?”

“माझ्या वेळी ज्युरीतले अर्धेअधिक घड्याळाकडे बघत होते, साहेब. आज एक जण तरी त्या पोराकडे बघेल.”