बर्फाचे कण

वर्गात शिरल्यावर ते हातातला खडू कोटाच्या खिशात टाकीत, फळ्याकडे पाठ करीत आणि आपल्या सिंधी लकबीने म्हणत, "चलो साईं, सगळे कण बाहेर." की पस्तीस मुले बाकांवरून उठून मैदानात. शेजारच्या वर्गात मी 'पदार्थाच्या तीन अवस्था' या मथळ्याखाली व्याख्या उतरवून देत असे. माझ्या मुलांच्या माना वहीत असत आणि कान खिडकीत.

ते अंबरनाथच्या आमच्या शाळेत आले तेव्हा फाळणीला तीन-चार वर्षे झाली होती. उल्हासनगरच्या कॅम्पात, लष्कराने सोडलेल्या एका बराकीत, गोणपाटाचे पडदे लावून चार कुटुंबे राहत. त्यांपैकी एक त्यांचे. तेथून ते रोज सायकलवर येत. शिक्षकांच्या खोलीत सगळे त्यांना 'कॅम्पवाले' म्हणत, मीही म्हणत असे. सेवानिवृत्तीनंतर आज प्रथमच काही लिहावयास बसलो आहे, पण त्यांचे नाव येथे घालण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मला वाटत नाही. वाचकांनी ते विचारू नये.

मैदानात ते मुलांना खांद्याला खांदा लावून दाटीने उभे करीत. जागच्या जागी थरथरायचे, जागा मात्र सोडायची नाही. "हे आमचं जहाज. कराचीहून निघालो तेव्हा डेकवर असेच होतो. घन पदार्थ." मग दाटी थोडी सैल होई, मुले एकमेकांना ढकलीत सरकू लागत. "ही बराक. फिरा, भांडा, पण भिंतीच्या बाहेर नाही. द्रव." शेवटी ते शिटी वाजवीत. "आणि आता आम्ही सिंधी लोक. जिथं जागा मिळेल तिथं." मुले चारी दिशांना उधळत. एकदा एक वायू थेट स्टेशनापर्यंत गेला आणि त्याच्या मामांनी त्याला कान धरून परत आणला.

मला हे सहन होत नसे. मी पुण्याचा बी.एस्सी. होतो. रेणूंमधील आकर्षणाची व्याख्या मी स्वतः तीनदा घासूनपुसून तयार केलेली होती आणि तीत एकही शब्द अधिक नव्हता. माझी मुलगी त्या वर्षी नववीत, म्हणजे त्यांच्या वर्गात होती. एका संध्याकाळी जेवताना ती आईला म्हणाली, "अगं, आमटीचे कण शेजारी पोचलेसुद्धा. काकू आता वाटी घेऊन येतील." तिची आई हसली. तेच प्रकरण मी मागच्या रविवारी मुलीला तासभर पुस्तकातून समजावले होते, आणि त्यातले तिला काहीही आठवत नव्हते. त्या रात्री मी आमटी दुसऱ्यांदा घेतली नाही. आपल्याच घरात आपल्या विषयाचा दुसऱ्या कोणाकडून बोध व्हावा, हे दुःख ज्यांनी भोगले असेल त्यांना मी अधिक सांगावयास नको.

अशात मुख्याध्यापकांनी मला बोलावले. कॅम्पवाल्यांच्या पदवीचा कागद सिंधमधल्या हैदराबादेत घराबरोबरच राहून गेला होता आणि संस्था कागदावाचून त्यांना कायम करीत नव्हती. मुख्याध्यापक म्हणाले, "कागद नाही तर निदान जाणत्या माणसाचं मत तरी जोडू. त्यांचा एक तास पाहा आणि दोन ओळी लिहून द्या." मत अनुकूल आले तर वरच्या वर्गांचे पदार्थविज्ञान कायमचे त्यांचे, नाही तर ते माझ्याकडे, आणि त्यांना वर्षअखेरपर्यंत कवायत आणि चित्रकला.

मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. त्या दिवशी त्यांनी कॅम्पातल्या बर्फवाल्याकडून लादीचा तुकडा आणला होता. भुसा लावून, गोणपाटात गुंडाळून सायकलला बांधलेला तो बर्फ निम्मा वाटेतच द्रव झाला होता. बर्फ घन, म्हणून त्याचे कण पाण्याच्या कणांहून अधिक जवळ, असे त्यांनी सांगितले. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, की मग तो सरबतात बुडत का नाही. मग त्यांनी तुकडा उजेडात धरला आणि लादीचा मधला पांढुरका भाग दाखवला. "हे बघ, बुडबुडे. आत हवा अडकली आहे. हवा त्याला वर धरते."

उत्तर साफ चुकीचे होते. काचेसारख्या नितळ बर्फात एकही बुडबुडा नसला तरी तो तरंगतोच.

तास संपल्यावर हात पुसत ते माझ्याकडे आले. "साहेब, काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा. पोरं अजून इथं आहेत."

मी म्हणालो, "काही नाही. उत्तम झाला तास."

त्या दुपारी मी लिहून दिले: 'शिकविण्याची हातोटी मनोरंजक आहे; तथापि विषयाचा पाया कच्चा आहे. बर्फ पाण्यावर का तरंगतो, हे शिक्षकास ठाऊक नाही.' प्रत्येक शब्द खरा होता. मी ते पुन्हा एकदा वाचले आणि शाई टिपली.

आठवड्याभरात नववीचा वर्ग माझ्याकडे आला. मुख्याध्यापकांनी माझे मत त्यांना वाचून दाखवले असावे, कारण मधल्या सुट्टीत ते माझ्यासमोर येऊन बसले. मी भांडणाच्या तयारीने चष्मा काढून ठेवला. त्यांनी विचारले, "बर्फात कण पाण्यापेक्षा लांब असतात?"

मी सांगितले, की गोठताना पाण्याचे कण एकमेकांना जणू हातभर अंतरावर धरतात, सहासहांची कडी होतात आणि प्रत्येक कड्याच्या मध्ये पोकळी राहते; म्हणून तेच पाणी अधिक जागा व्यापते आणि बर्फ हलका होतो. त्यांनी ते दोनदा सांगावयास लावले. टेबलावर चहाचे सहा कप गोल मांडून पाहिले. त्यांचा चेहरा असा उजळला, की नोकरीची बातमी चांगली आली असावी असे एखाद्या परक्याला वाटले असते. मग ते कपांकडे पाहत हळूच म्हणाले, "त्या दिवशी का नाही सांगितलंत? पोरं तशीच घरी गेली."

त्या मताबद्दल याखेरीज ते मला कधी काही बोलले नाहीत. महिनाअखेर त्यांनी शाळा सोडली. कोणी म्हणे ते अहमदाबादेस भावाकडे गेले, कोणी म्हणे अजमेरला. पण त्याआधी, त्या बोलण्याच्या दुसऱ्याच दिवशी, ते माझ्या तासाला दारात उभे राहिले आणि त्यांनी दहा मिनिटे मागितली.

मुलांना ते म्हणाले, "बर्फाचं मी तुम्हाला खोटं सांगितलं. बुडबुड्यांची गोष्ट विसरा. खरं काय ते मला काल तुमच्या सरांनी शिकवलं." सगळा वर्ग माझ्याकडे कौतुकाने पाहू लागला. आयुष्यात वर्गाने माझ्याकडे तसे पाहिले ते एवढ्याच वेळी, आणि तेही त्यांच्यामुळे.

मग मैदान. प्रथम सगळे दाटीने, पाणी. मग त्यांनी मुलांना हात लांब करून शेजाऱ्याच्या खांद्यावर ठेवावयास लावले आणि सहासहांची कडी केली. पाहता पाहता तीच मुले दुप्पट जागेत पसरली आणि प्रत्येक कड्याच्या मध्ये रिकामी माती दिसू लागली. मुलांना ती आधी दिसली आणि मग समजली. मी व्हरांड्याच्या पायरीवरून त्यांचे चेहरे पाहत होतो. पाच कडी पुरी झाली. सहाव्यात पाचच मुले उरली. त्यांत माझी मुलगी होती.

"साहेब, एक कण कमी पडतो. या ना," ते मला म्हणाले.

कोणी तरी त्यांना म्हणाले, सर, तुम्हीच उभे राहा. ते म्हणाले, "नाही साईं, हा वर्ग त्यांचा आहे." मी घड्याळाला चावी देऊ लागलो. ती सकाळीच दिलेली होती.

"थांबा जरा," ते मुलांना म्हणाले, "थंडीत कण सावकाश हलतात." मुले हसली. ते हसले नाहीत, वाट पाहत राहिले.

माझ्या मुलीचा एक हात मैत्रिणीच्या खांद्यावर होता. दुसरा तिने माझ्या दिशेने लांब धरला होता, आणि घंटा होईपर्यंत तो खाली घेतला नाही.