घोडा कुठं चुकला

बारामतीच्या बुद्धिबळ स्पर्धेत माझ्यासमोर इंदापूरकडच्या एक बाई बसल्या. पन्नाशीच्या, पदर खोचलेला. राजापुढचं प्यादं त्यांनी ठामपणे दोन घरं पुढं सरकवलं, पण सहाव्याच खेळीला त्यांचा घोडा फुकट गेला.

मी हळू आवाजात विचारलं, "काकू, डाव सोडताय का?"

त्यांनी घड्याळाकडं बोट केलं. "अजून धा मिनिटं हायती माजी. ती खेळणार."

ती सगळी मिनिटं त्या लढल्या आणि हरल्या. मी उठायला लागलो, तर त्या सोंगट्या पुन्हा मांडत होत्या.

"घोडा कुठं चुकला, तेवढं दावा."

तीनदा दाखवल्यावर त्यांनी मान हलवली.

इतकी वर्षं खेळतोय, पण हरवणाऱ्याला असं विचारायला माझी जीभ कधी रेटली नव्हती.