जपलेले पाय

माझ्या धाकट्या भावाचे पाय आमच्या घरात देव्हाऱ्यातल्या टाकांसारखे जपले गेले.

सुरुवात झाली रामनगरच्या स्टँडवर. गोव्याकडं निघालेल्या एका ट्रकवाल्यानं चहा पिता पिता आमच्या बापाला, आप्पांना, मोबाइल दाखवला. परदेशातल्या एका क्लबानं दुसऱ्या क्लबाकडून फुटबॉल खेळणारा पोरगा घेतला होता, कोटींच्या कोटी मोजून. पोरगा आमच्या पोराहून थोडाच मोठा. भाऊ तेव्हा शाळेकडून खेळायचा, गोलावर गोल मारायचा. आप्पा घरी आले ते फर्मान घेऊनच. "आजपास्नं तू चिखलात उतरायचं न्हाई. पाय जप!"

मग काय! भाताच्या रोपांचा तरवा लावायला मी, लाकडं आणायला मी, शेण काढायलाही मीच. आई रोज त्याचे पाय कोमट मिठाच्या पाण्यात ठेवायची. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? पण रागवायचं कुणावर? तो बिचारा बूट घालून बांधावर बसायचा आणि आमच्याकडं बघत राहायचा. एकदा त्यानं बूट काढून हळूच एक पाय खाली सोडला, तर आप्पा पलीकडच्या खाचरातून ओरडले, "पाय जप रे!" सगळं शिवार दणाणलं.

दरसाल मोबाइलवर आणखी महागडा पोरगा यायचा आणि आमच्या पोराच्या पायांवर आणखी एक ओझं चढायचं. आधी स्लॅबचं घर, मग माझं लग्न. गावातली माणसं विचारायची, "काय आप्पा, कितीला जातंय पोरगं?" आप्पा खुशीत हसायचे.

गोव्यातल्या एका क्लबानं त्याला पोरांच्या संघात घेतलं तेव्हा आप्पांनी पेढे वाटले. दोन पावसाळ्यांनी तो परत आला. काही मोडलं नव्हतं, काही दुखत नव्हतं. त्याच्याहून चांगली पोरं होती, बस्स. आप्पांनी त्याला खाटेवर बसवून गुडघे दाबले, घोटे दाबले. "पाय तर धडधाकट हाय की रे!"

विहिरीवर तो मला म्हणाला, "आक्का, मोडला असता तर बरं झालं असतं. सांगायला कायतरी असतं."

 

आता तो गणेशगुडीला नदीवरच्या राफ्टिंगवाल्यांकडं पर्यटकांना जाकिटं चढवतो, काठावरच, बूट घालून. आप्पा जाऊन तीन वर्षं झाली. यंदा लावणीला माणसं कमी पडली, म्हणून मीच फोन केला, "ये बाबा, घरचं शेत हाय."

आला. बांधावर बसून त्यानं बूट काढले, मोजे काढले. त्याचे पाय बघायला लावणीला आलेल्या बायका कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. पांढरेफटक, मऊ, तान्ह्या पोराचे असावेत तसे. त्यानं एक पाय चिखलात घातला आणि झटक्यात वर ओढला.

"आक्का, आप्पा ओरडले काय?"

कुणी ओरडलं नव्हतं. पण खरं सांगते, माझीही मान पलीकडच्या खाचराकडं वळली होती.

"ओरडू देत," मी म्हणाले. "तू उतर."

तो तसाच, पाय वर धरून. मी हात पुढं केला, त्यानं तो धरला नाही. बायकांनी माना खाली घातल्या आणि कामाला लागल्या.

मग मी त्याच्या वाटणीची तरव्याची पेंढी उचलली आणि त्याची ओळ लावायला घेतली. लहानपणापासनं लावत आले, तशीच.