चित्रावरचा पुठ्ठा

आमच्या वहिनीचं आणि पुस्तकातल्या चित्रांचं कधी पटलं नाही. चित्र वाईट असतं असं तिचं म्हणणं नव्हतं. चित्र चहाडखोर असतं, एवढंच. पानावर मासा काढलेला असला की पोरगं त्याच्याकडे बघून 'मासा' म्हणतं आणि खालच्या अक्षरांकडे ढुंकूनही बघत नाही. "मासा बघून मासा ओळखायला शाळा कशाला हवी, भाऊजी? ते मांजरालाही येतं," असं ती मला सांगायची.

वहिनी सव्वीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवते. दोन वर्षं पोरं तिच्या हाताखाली असतात, मग तिसरीला वरच्या मजल्यावर जातात. या चहाडखोरीवर तिने स्वतःचा इलाज काढला होता. चपलांच्या खोक्याचं झाकण कापून तळहाताएवढा पुठ्ठा करायचा आणि कडांना चिकटपट्टी लावायची. मूल वाचायला उभं राहिलं की आधी वहिनीचा हात पुढे येणार, पुठ्ठा चित्रावर बसणार आणि मगच तोंड उघडायचं. पोरं त्याला 'पडदा' म्हणत. सव्वीस वर्षांत असे चार पडदे झिजले. घरीही सुटका नव्हती. दादा पेपर उघडून बसला की ती मागून येऊन फोटोवर हात ठेवायची आणि बातमी काय आहे ते विचारायची. गोदामातल्या सगळ्या हमालांवर ओरडणारा आमचा दादा अशा वेळी चष्मा शोधायला उठायचा.

गेल्या वर्षी तिच्या दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. वर्गाने तिचं नाव 'रेडिओ' ठेवलं होतं, कारण एकदा सुरू झाली की धडा संपेपर्यंत थांबायची नाही, आणि आवाज असा खणखणीत की शेजारच्या वर्गाचाही धडा व्हायचा. तिची आई शिवणकाम करते. आमच्याच गल्लीच्या टोकाला, जिन्याखालच्या खोलीत तिचं मशीन आहे. बाप परगावी. दोन वर्षांत तीन घरं आणि तीन शाळा बदलून मायलेकी इथे आल्या होत्या.

एके दिवशी रेडिओने पान उलटताना चुकून दोन पानं एकदम उलटली. पुढ्यात बकरीचा धडा आला आणि ही खणखणीत आवाजात, ओळीखाली बोट फिरवत, कासवाचा धडा वाचत राहिली. स्वल्पविरामाला थांबली, पूर्णविरामाला दम घेतला, एक चूक नाही. पडदा बकरीवर होता, आणि खाली कासव चालत होतं.

वर्गात कोणाच्या लक्षात आलं नाही. वहिनीच्या आलं. मधल्या सुट्टीत तिने मुलीला जवळ बसवून सुटी अक्षरं दाखवली, तर निम्मी येत नव्हती. तीन शाळांच्या फटीत अक्षरं सांडली होती आणि पोरीने कानावर भागवून नेलं होतं. एकदा ऐकलं की पाठ. वहिनी रागावली नाही. उलट त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, अशी स्मरणशक्ती मला असती तर मी कुठल्या कुठे असते. दादा म्हणाला, तशी ती तुला आहेच, फक्त माझ्या चुकांपुरती.

रोज शाळा सुटल्यावर वीस मिनिटं दोघी बसू लागल्या. वहिनी शब्द एकदाच सांगायची, मुलीने तो ओठांत घोळवायचा, त्याचे तुकडे बोटांवर मोजायचे आणि मग पाटीवर उतरवायचा. पाठांतराचा इथे काही उपयोग नव्हता. मुलगी घामाघूम व्हायची, पण दोन महिन्यांत पाच-सहा अक्षरं पक्की झाली.

तेवढ्यात तपासणी आली.

हेडसर आठवडाभर आधीपासूनच हवालदिल होते. त्यांनी जळमटं काढली, फळे काळे केले आणि वहिनीला बजावलं की साहेब सगळा वर्ग वाचतो का ते बघणार आहेत, एकही पोर अडायला नको. साहेब आले, भिंतीवरचे तक्ते बघितले आणि सरळ शेवटच्या बाकाकडे बोट केलं. रेडिओ उभी राहिली. वहिनीने पुस्तक उघडून तिच्या हातात दिलं.

पान तिने कासवाचं उघडलं, मुलीला पाठ असलेलं. आणि पडदा टाकला नाही.

बाकीच्या अकरा मुलांना साहेबांनी उठवलं, त्या प्रत्येकाला पडदा मिळाला. हिलाच नाही. हिचं वाचन ऐकून साहेबांनी पुस्तक मिटलं, तिच्या पाठीवर थाप मारली आणि शेऱ्यात लिहिलं की वर्ग शंभर टक्के वाचतो. हेडसरांनी तो शेरा चौकटीत घालून जिन्यात लावला. घरी आम्ही वहिनीला खुर्चीत बसवलं, आणि मी दिराच्या हक्काने चार शब्द बोललो. ती हसली नाही. मला वाटलं दमली असेल.

वीस मिनिटं तिथेच संपली. ज्या पोरीची साहेबांनी पाठ थोपटली तिला शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायचं कारण हेडसरांना दिसेना, आणि आईलाही नाही. वहिनी म्हणू शकली असती. ती आज म्हणू, उद्या म्हणू करत राहिली, वर्ष संपलं आणि मुलगी तिसरीला, वर गेली.

तो पाचवा पडदा त्यानंतर तिने वर्गात आणला नाही. पेपर वाचताना दादाला कोणी विचारेना. मला वाटलं, वय झालं की माणूस निवळतं.

हे सगळं मला कळलं ते एका कोटामुळे.

दादाला गोदामाच्या एका समारंभाला जायचं होतं. कोट लग्नातला, पण दादाचे हात लग्नानंतर लांब झाले असावेत. निदान त्याचं तसं म्हणणं होतं. वहिनीने कोट गल्लीच्या टोकाला शिवायला दिला आणि सोबत टाचणीने चिठ्ठी लावली, की बाह्या दोन बोटं वाढवा, आत कापड आहे. वहिनीचं अक्षर म्हणजे फळ्यावरचं अक्षर. टपोरं, सुटं. आंधळ्याने चाचपून वाचावं असं.

कोट आला. दादाने तो चढवला आणि आरशासमोर उभा राहिला. बाह्या दोन बोटं कमी झाल्या होत्या. मनगटाच्या चांगली चार बोटं वर त्या संपत होत्या आणि पुढे दादाचे केसाळ हात गोदामात निघाल्यासारखे बाहेर आले होते. मला हसू आवरेना. दादा चपला घालून भांडायला निघाला. माणसाला एवढं साधं वाचता येत नसेल तर दुकान कशाला मांडायचं, असा त्याचा सवाल होता.

वहिनी खाली बसली होती. ती म्हणाली, "थांबा. तिला वाचता येत नाहीच. चिठ्ठ्या मुलगी वाचून दाखवते."

"मग मुलीला झोड."

"मुलीला काय झोडता? मला झोडा."

आणि मग तिने ते सगळं सांगितलं, कासवापासून. दादाने कोट काढला, घडी घातली आणि चपला काढून ठेवल्या. चोवीस वर्षांच्या संसारात मी त्याला पहिल्यांदाच वाद न घालता हरताना बघितलं.

संध्याकाळी वहिनी निघाली. सोबत मी, हातात कोट. वाटेत ती म्हणाली, "भाऊजी, मी आत गेल्यावर काही विनोद करू नका." मी नाहीच केला.

जिन्याखालच्या खोलीत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने श्वास जपून घ्यायचा. आईने मशीन थांबवलं, कोट बघितला, बाही हातात घेतली आणि तिचा चेहरा उतरला. पण ती ठाम होती. चिठ्ठीत कमी करा असंच होतं. मुलीने दोनदा वाचून दाखवलं होतं. आणि मुलीच्या वाचनाबद्दल शंका असेल तर जिन्यातला साहेबांचा शेरा बाईंनी बघावा.

मुलगी मशीनच्या मागे कापडाच्या ढिगावर बसली होती. येणाऱ्या दहापैकी नऊ चिठ्ठ्या कमी करा म्हणणाऱ्याच असतात. तिने नेहमीसारखा अंदाज केला होता. चित्र नाही तर सवय, तिला काहीतरी लागत होतं.

वहिनीला सोपी वाट होती. तोंडात आलीही होती ती. "कदाचित माझंच अक्षर..." एवढं म्हणाली आणि थांबली. मी तिच्याकडे बघत होतो. तिने ओठ हलवले, शब्द आधी ओठांत घोळवावा तसे, आणि मग म्हणाली, "नाही. माझं अक्षर चांगलं आहे. तिला वाचता येत नाही. आणि ते मला तपासणीच्या आधीपासून माहीत होतं."

आईने बाही खाली ठेवली. "मग साहेब?"

"साहेबांना मी दाखवलं तेवढंच दिसलं."

"अहो बाई, मी अख्ख्या गल्लीला सांगितलंय." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं. माझी पोरगी वाचते म्हणून."

मुलगी ढिगावरून उतरली. ती आईकडे नाही, वहिनीकडे बघत होती.

"मी पडद्यासाठी थांबले होते," ती म्हणाली. "तुम्ही पडदा टाकलाच नाहीत. मला वाटलं, आता तुम्ही मला शिकवणार नाही."



दुसऱ्या दिवशी वहिनीने हेडसरांना लिहून दिलं की वर्गात एक मूल वाचत नव्हतं. हेडसर म्हणाले, शेरा वर गेला आहे, वर गेलेलं खाली येत नाही. चौकट अजून जिन्यातच आहे, आणि वहिनीला रोज तिच्यासमोरून जावं यावं लागतं.

रोज साडेचारला ती जिन्याखालच्या खोलीत जाते. पहिले तीन आठवडे आई तिच्याशी बोलली नाही. स्टूल मात्र पुढे सरकवायची, आणि शब्द सांगायची वेळ झाली की मशीन थांबवायची. पुस्तक नाहीच. गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्याच वाचायच्या. चिठ्ठीवर चित्र नसतं, त्यामुळे पडद्याचं कामच पडत नाही.

परवा वहिनी घरी आली ती लगबगीने. मुलगी एका चिठ्ठीवर अडली होती, आणि अंदाज न करता म्हणाली होती, "बाई, हा शब्द मला येत नाही." वहिनीने हे आम्हाला असं सांगितलं की जणू पोरगी पहिली आली. दादाने विचारलं, मग आता झालं ना सगळं नीट?

वहिनी खुर्चीत बसली. म्हणाली, आई अजून प्रत्येक चिठ्ठी नंतर समोरच्या किराणावाल्याकडून वाचून घेते. पोरीच्या देखत.

दादाचा कोट कपाटात आहे. आत कापड आहे, बाह्या वाढवता येतील असं आईने स्वतः दोनदा सांगून पाठवलं. वहिनी म्हणते, पोरीने कोटाची ती चिठ्ठी नीट वाचली की मग देऊ.