मावसाजींचं उत्तरेकडचं आकाश

आमच्या मावसाजींचं घर नागपुरात असलं, तरी ते स्वतः आयुष्यभर उत्तर ध्रुवाजवळ राहिले, असं मी कुणालाही शपथेवर सांगेन. मावशीचे हे यजमान कॉलेजात फिजिक्स शिकवत. ध्रुवाकडच्या आकाशात, फार उंचावर, विजेनं भारलेल्या विरळ हवेचे पुंजके आणि पोकळ्या तयार होतात. त्यांतून उपग्रह गेला की त्याच्या नोंदीची रेघ थरथरते. अशा थरथरत्या रेघांची भेंडोळी त्यांना परदेशातून येत आणि ती दिवाणापासून स्वयंपाकघरापर्यंत पसरलेली असत. मावशी हातात कढई घेऊन त्यांवरून अलगद उड्या मारत जायची. गहू दळायला पाठवलं, तर मावसाजी डबा चक्कीवरच विसरून आभाळ पाहत परत येत. “काहून हात हलवत आले?” मावशी विचारायची. “वर लई गडबड होऊन राहिली आज,” एवढंच ते सांगत.

पण ज्या आकाशाची त्यांना खडान्‌खडा माहिती होती, ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. तिथे रात्री झुलणारे हिरव्या उजेडाचे पडदे एकदा डोळ्यांनी बघावेत, ही त्यांची एकच इच्छा, आणि मावशीची त्यांच्याहून जास्त. अखेर तिकडच्या एका वेधशाळेनं त्यांना बोलावलं. मावसाजी भर एप्रिलात माकडटोपी घालून कूलरच्या तोंडाशी थंडीचा सराव करू लागले. “ध्रुवावर वाळ्याचा वास थोडाच येते?” मावशी म्हणायची आणि कौतुकानं पाहत राहायची.

कॉलेजनं जाऊ दिलं ते मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत. त्या दिवसांत तिथे सूर्य मावळतच नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? “मग दिसेल काय, मावसाजी?” मी विचारलं. “त्याच्याखाली उभं तर राहता येईल ना गा. तुझ्या मावशीले सांगू नको.”

परतले तेव्हा मावशीनं स्टेशनवरच विचारलं, “दिसलं?”

“दिसलं नाही वं. उजेडच होता रात्रभर. पण होतं डोक्यावर. उपग्रह गेला, रेघ थरथरली, अन् मी खालीच उभा होतो.” त्यांचा चेहरा लहान मुलासारखा खुलला होता. रडली ती मावशी. “हिवाळ्यात परत जा,” ती म्हणाली.

पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि वेधशाळेचं बोलावणं पुन्हा आलं नाही. “आता सारे हिवाळे माझेच हायेत, बोलावणारा नाही,” असं ते हसत सांगत. मला मात्र त्यांच्याबरोबर कधी हसता आलं नाही.